चार घंट्यांचं ठिकाण

१

लाइन मेल्याची खबर आली, की इस्तारी मिस्त्री आधी एक पान लावायचा. मग झोळीत पक्कड, पाना, तारेचं भेंडोळं आणि तारेत वीज आहे का ते दाखवणारी सुईची लाकडी पेटी भरायचा. सगळ्यात शेवटी पुठ्ठ्याला बांधलेला छापील फॉर्म घ्यायचा आणि सायकल काढायचा. घाई म्हणून कधी केली नाही. बिघडलेलं यंत्र पळून जात नाही, पण घाईत माणसाच्या हातून पुरावा पुसला जातो, असं त्याचं म्हणणं.

एकोणीसशे चोपन्न सालचा भादवा होता. चांदा जिल्ह्यात एका लाकूड कंपनीची टेलिफोनची एकेरी तार होती. मुरपारच्या ऑफिसातून निघायची, सात मैलांवर कोसंबीच्या नाक्यावर टेकायची आणि पुढं बारा मैल रान तुडवून येरंडीच्या डेपोत संपायची. तार एकच, त्यामुळं कुणीही यंत्राची मूठ फिरवली की तिन्ही ठिकाणच्या घंट्या एकदम वाजत. कुणासाठी आहे ते मोजून ओळखायचं. एक वाजली तर मुरपार, दोन वाजल्या तर नाका, तीन वाजल्या तर डेपो.

यंत्र बंद पडलं की नागपूरहून सामान मागवावं लागे. सामान काय पाठवायचं ते पात्रीकर साहेब ठरवत, आणि ठरवत ते त्या फॉर्मावरून. चौदा प्रश्न. केव्हा बंद पडलं, हवा कशी होती, लाइनवर कोण होतं, वास कसला आला, शेवटचं काय ऐकू आलं. फॉर्म नीट भरला तर आठ दिवसांत गाडीनं खोका यायचा. चुकला तर महिना. आणि पावसाळ्यात तो महिना म्हणजे डेपोवरची तीस माणसं जगापासून तुटलेली.

आदल्या वर्षी इस्तारीनं फॉर्मात लिहिलं होतं, "तारेची गुणगुण ऐकून अस्वल मधाच्या आशेनं खांबावर चढते आणि कप फोडते." कप म्हणजे खांबावर तार ज्याला बांधतात ती चिनी मातीची वाटी. ऑफिसातले लोक पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं: "पाहिलेलं लिहा, ऐकलेलं लिहा. समजलेलं लिहू नका. समजण्याचं काम माझं." ते पत्र इस्तारीनं पुठ्ठ्याच्या मागं चिकटवून टाकलं. बाप तळ्यात जाळं टाकणारा, स्वतः चौथीपर्यंत शिकलेला. त्याला कुणी असं बरोबरीनं लिहिलेलं ते पहिलंच पत्र.

२

मुरपारला शुक्रवारी सकाळी पोचला तेव्हा कारकून गुणवंतराव टेबलापासून लांब, दाराशी स्टूल टाकून बसले होते. टेलिफोन मागच्या भिंतीवर होता.

"असे बाहेर काऊन जी?" इस्तारीनं विचारलं.

"हवा बरी लागते इथी," गुणवंतराव म्हणाले. पण हवा कुठं होती? पानही हलत नव्हतं.

इस्तारीनं फॉर्म उघडला. मंगळवार. दुपारी एक पन्नास, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणं. आभाळ फाटल्यासारखी वीज कडकडली आणि पेटीतून धूर निघाला. जळक्या लाखेचा वास. लाइनवर कोण होतं?

"आपला लाइनवाला लच्छू होता. पोळा झाल्यावर डेपोकडं गेला तो फुटके कप बदलायले. तिकडंच असंल अजून."

"शेवटचं काय आयकू आलं?"

गुणवंतरावांनी पंच्याच्या टोकानं मान पुसली. "वीज पडली एक पन्नासला. त्याच्यानंतर, दोन दहाला, घंटी वाजली."

"किती?"

"चार."

पेन्सिल थांबली. "तीन असंन."

"मीबी तेच म्हटलं. बुधवारी पुन्हा मोजल्या. दोन दहालेच. काल बी. चार म्हणजे चार, मिस्त्री."

इस्तारीनं पेटी भिंतीवरून उतरवून उघडली. आत सुरक्षेची तार वितळून थेंब झाली होती. घंटीचं वेटोळं कोळशासारखं काळं पडलेलं. बोट लावलं तर भुकटी हाताला आली. त्यानं ते खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं.

"गुणवंतराव, ही घंटी वाजूच शकत नाई."

"मले काऊन सांगता? तिले सांगा."

मग गुणवंतराव खाली वाकून हळूच म्हणाले, "तीन लिहा ना भाऊ. नाई तर लिहूच नका. मागच्या साली अस्वल झालं, आता हे. लोकं म्हणतील मुरपारच्या ऑफिसात भांग पिऊन राह्यले."

इस्तारीलाही ते हसणं आठवलं. कान गरम झाले त्याचे. पण पुठ्ठा उलटा केला तर साहेबांचं पत्र समोर. त्यानं नवव्या प्रश्नापुढं लिहिलं, "चार घंट्या. दुपारी दोन दहा. तीन दिवस." आणि कंसात, अक्षर बारीक करून, "घंटीचे वेटोळे जळलेले आहे."

३

नाक्याच्या वाटेवर दोन मैलांवरच तार तुटलेली सापडली. वाळका साग आडवा पडला होता आणि तारेची दोन्ही टोकं चिखलात, मध्ये तीस हातांचं अंतर. इस्तारीनं खुणा लिहून घेतल्या आणि मनातल्या मनात हिशोब जुळवला. मुरपारची घंटी वाजली असेल तर ती मुरपारचीच काही तरी खोड. या तुटीपलीकडं काही जाणार नाही. त्याला जरा बरं वाटलं.

नाकेदार पोळ्यापासून रजेवर होता. नाक्यामागच्या खोलीत लच्छूचा संसार होता, म्हणून चावी त्याच्या बायकोकडं, भागीरथाबाईकडं होती. तिशीची, काटक बाई. इस्तारीला पाहताच ती अंगणातून उठली आणि आधी त्याच्या मागं रस्त्यावर पाहिलं. आणखी कोणी आहे का ते.

"डेपोवरून येऊन राह्यले का भाऊ?"

"नाई बाई, मुरपारहून. डेपोवर उद्या जातो."

"मग त्याइले सांगजा, तीन दिवस झाले निरोप नाई. लाइन तुटली तं काम पडलं असंल, समजते मले. पर गाडीवाल्याच्या हाती दोन शब्द तं पाठवाचे." ती हसली, पण पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं होतं.

तिनं भात वाढला, वर सुकटीचं कालवण. इस्तारी जेवताना प्रश्न विचारत गेला. वीज इथंही पडली होती. इथंही धूर निघाला होता. घंट्या?

"चार," भागीरथाबाई सहज म्हणाली. "दुपारची मोटार गेली का थोड्या वेळानं. मले वाटलं नवं काही चालू केलं कंपनीनं. मी उचलला नं."

इस्तारीचा घास हातातच राहिला. "उचलला? काय आयकू आलं?"

"पाऊस."

"पाऊस?"

"बाहेर कडक ऊन, आन् कानात पाऊस. बांबूच्या पानाइवर पडते तसा. आन् कोणी तरी हूं, हूं म्हणून राह्यलं होतं. आपन कहानी सांगतो तवा आयकणारा हुंकार देते ना, तसं." ती जरा थांबली. "सांगणारा आयकू येत नाई. आयकणाराच आयकू येते."

इस्तारीनं हात धुतले. मग जे करायचं ते पद्धतशीर करायचं ठरवलं. पेटी भिंतीवरून काढली. बाहेरच्या तारेचा स्क्रू सोडला, जमिनीत गेलेल्या तारेचाही सोडला, आतली बॅटरी काढून ओसरीवर ठेवली. आता त्या पेटीला जगातलं काहीही जोडलेलं नव्हतं. ती टेबलावर ठेवून तो समोर बसला. खिशातलं घड्याळ उघडून बाजूला ठेवलं. उन्हाची तिरीप जमिनीवर पडली होती. उंबऱ्यावर एक कोंबडी धान टिपत होती. दुपारची मोटार धूळ उडवत गेली आणि पुन्हा सामसूम झाली.

दोन दहा.

घंटी वाजली. एक. दोन. कोंबडी फडफडत अंगणात पळाली. तीन. चौथी जराशी उशिरा, ओढून आणल्यासारखी.

भागीरथाबाई दारात उभी होती. इस्तारीनं टेबलाखाली हात फिरवला, तिथं काही नव्हतं. मग त्यानं फोन उचलून कानाला लावला.

पाऊस पडत होता. पानांवर, दगडांवर, साचल्या पाण्यात. वेगवेगळा आवाज ओळखू येत होता. आणि त्या पावसाच्या आत, अगदी शांतपणे, कुणी तरी म्हणालं, "हूं." जरा वेळानं पुन्हा, "हूं."

"हॅलो," इस्तारी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "कोन बोलते?"

हुंकार थांबला. तिकडं कुणी तरी मान वळवली असावी, असं इस्तारीला वाटलं. का वाटलं ते त्याला कधीच सांगता आलं नाही. मग तोच आवाज आला, पण आता तो लांब नव्हता. कानाच्या पाळीशी होता, आणि विचारत होता:

"हूं?"

इस्तारीनं फोन खाली ठेवला. बाई दारातून पाहत होती. त्यानं फॉर्म ओढला. "कोसंबी नाका. दोन दहा. चार. तारा जोडलेल्या नव्हत्या."

४

शनिवारी पहाटे तो तारेच्या कडेकडेनं डेपोकडं निघाला. प्रत्येक खांब पाहिला, पायापासून माथ्यापर्यंत. नऊ ठिकाणी लच्छूनं बदललेले नवे कप दिसले, पांढरेशुभ्र. नाल्यावर आणखी एक तूट सापडली. लच्छू मात्र दिसला नाही. तो दिसायचं कारणही नव्हतं, तो डेपोवर होता.

डेपोचा मुंशी दसरू, अंगानं भरलेला आणि बोलका माणूस. त्याच्या भिंतीवरच्या घंटीत त्यानं जुनं धोतर कोंबलं होतं.

"चार का?" इस्तारीनं विचारलं.

"मोजल्या नाई मी. पहिल्या दिवशी मोजल्या तेवढ्या पुरे झाल्या," दसरू म्हणाला. "मंग बोळा कोंबला. तरी बी वाजते जी. बोळ्याच्या आतून वाजते."

इस्तारीनं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "लच्छूले बोलवा. लाइनवर तोच होता, त्याले विचाराचं हाय."

दसरूनं त्याच्याकडं पाहिलं. "लच्छू? तो तं मंगळवारीच गेला घरी. सकाळी पेज पेला, म्हणे कप कमी पडले, तेवढं पाहतो आन् घरी जातो. गेला."

"घरी नाई तो."

"मंग मुरपारले असंल."

"मुरपारवाले म्हणतात डेपोवर हाय. बायको म्हणते डेपोवर हाय." इस्तारी एक-एक शब्द मोजून बोलला. चार दिवस. इकडचे समजत होते तिकडं आहे, तिकडचे समजत होते इकडं आहे, आणि विचारायचं साधन त्याच घटकेला मेलं होतं. लाइन चालू असती तर मंगळवारी संध्याकाळीच एक मूठ फिरवून कळलं असतं.

दसरू दाराकडं धावला. "अरे बापा."

मग शोधाशोध सुरू झाली. बांबू तोडणारे नाल्याकडं धावले, गाडीवान रस्त्यानं. वाघाचं नाव कुणी काढलं नाही, पण प्रत्येकाच्या हातात कुऱ्हाड होती. इस्तारी मात्र अंगणात उभा राहिला. तो सगळी वाट स्वतः पाहून आला होता. लाइनीवर लच्छू नव्हता. मग कुठं? त्याची नजर डेपोच्या शेवटच्या खांबावर गेली. त्या खांबाला एक आडवा हात होता, डोंगराच्या दिशेला. हाताला वीतभर गंजकी तार लोंबत होती आणि पुढं काहीच नव्हतं.

"तिकडं काय हाय?"

"काई नाई जी. दहा सालाआधी डोंगरावर चौथं ठाणं बांधाचं होतं कंपनीले. सात खांब गाडले, मंग राहून गेलं. तार कवाच लागली नाई तिकडं."

इस्तारीनं सुईची पेटी काढली. त्याच्या डोक्यात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, विजेनं जमीन भारली गेली असेल, ओल्या खांबातून काही झिरपत असेल, तू काल रात्री नीट झोपला नाहीस. दुसरा नुसता घड्याळाकडं पाहत होता. आधी त्यानं नाक्याकडची तार पेटीला लावली. सुई मेल्यासारखी शून्यावर. मग शिडी लावून वर चढला, ती वीतभर लोंबती तार भेंडोळ्यातल्या तारेनं पेटीला जोडली आणि खाली उतरून उकिडवा बसला. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

दोन दहाला सुई उडाली. परत आली. उडाली. चार वेळा.

दसरू मागं उभा राहून पाहत होता. "मिस्त्री," तो म्हणाला, "हे काय हाय?"

"मले माहीत नाई," इस्तारी म्हणाला. "पर माझे कान भ्याले असतील, सुई भ्यात नसते. बाज घ्या. दोन गडी घ्या. चला."

५

पहिल्या खांबावरचा कप नव्हता. काढल्याची खूण ताजी होती. लाकडाचा पांढरा भाग उघडा पडला होता. दुसऱ्यावरचाही नव्हता. इस्तारीच्या जिवात जीव आला, कारण हे समजण्यासारखं होतं. लच्छूचे कप कमी पडले, आणि त्याला आठवलं असणार की इकडच्या बेवारशी खांबांवर कप नुसते बसून आहेत.

"लच्छू होऽ!" त्यानं हाक मारली. रानानं ती गिळून टाकली.

तिसऱ्या खांबापासून बांबूचं बन दाट झालं. चौथ्याशी रातकिडे एकदम थांबले. कुणी तरी हात वर केल्यावर शाळा थांबते तसे. आणि त्या शांततेत डोक्यावर गुणगुण ऐकू यायला लागली. वारं सुटलं की लांब तार गाते तशी. दसरूनं वर पाहिलं. इस्तारीनंही पाहिलं. खांब ते खांब नुसतं आभाळ होतं.

"चाला," इस्तारी म्हणाला. "वर पाहू नका."

पाचव्या खांबाशी पाऊस लागला. मागं वळून पाहिलं तर चौथ्या खांबापर्यंत ऊन होतं. बांबूच्या पानांवर थेंब पडायला लागले आणि इस्तारीचे पाय जागीच रुतले. हा पाऊस त्यानं ऐकला होता. पानांवरचा, दगडांवरचा, साचल्या पाण्यातला. त्याच क्रमानं.

मग माणसाचा आवाज आला. घसा बसलेला, अडखळणारा, पण सलग. कुणी तरी गोष्ट सांगत होतं.

"...मार्कंड्याच्या जत्रेत हरपली ती बाली. सोन्याची नोती, पितळीच होती. पर भागी रडली बापा. नदीच्या वाळूत मी संध्याकाळलोक चाळत बसलो..."

"हूं."

"...नाई सापडली. मंग मी म्हटलं, दुसरी बी फेकून दे, दोन्ही कान सारखे दिसतीन..."

"हूं."

दसरूनं इस्तारीचा दंड पकडला. त्याच्या तोंडावर आनंद आणि भीती दोन्ही होती. "जित्ता हाय! जित्ता हाय मिस्त्री. आन् दोघं हायेत."

ते बांबू मोडत धावले.

६

सहावा खांब बुडाशी सडून कोसळला होता. त्याच्याखाली चिखलात लच्छू अडकला होता, उजवा पाय मांडीपासून दबलेला. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. शेजारी दगडाच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलं होतं. त्याच्यावरच तो जगला होता. हाताशी कपांची थैली, त्यातला एक कप पाणी प्यायला काढलेला.

तो एकटा होता.

बांबू तोडणाऱ्या दोघांनी खांबाखाली पहार घातली. दसरू लच्छूचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. इस्तारीचं लक्ष मात्र लच्छूच्या डाव्या बाजूला गेलं आणि तिथून हलेना.

पाऊस सगळीकडं पडत होता. खांबावर, दगडावर, त्यांच्या पाठींवर. पण लच्छूच्या उशाशी जमिनीचा एक तुकडा कोरडा होता. मांडी घालून माणूस बसेल एवढा. तिथल्या पानांवर चार दिवसांची धूळ तशीच होती. वर फांदी नव्हती, झाड नव्हतं, काहीही नव्हतं. थेंब त्या तुकड्याच्या वर माणसाच्या उंचीइतके येत आणि मग कुठं जात ते दिसत नव्हतं.

"हुप्पा!" गड्यांनी जोर केला. खांब उचलला गेला, लच्छू किंचाळला, दसरूनं त्याला ओढून बाहेर काढलं.

त्याच वेळी त्या कोरड्या तुकड्याच्या एका कडेला पहिला थेंब पडला. मग दुसरा. ओल हळूहळू आत सरकली, एका बाजूनं दुसऱ्या बाजूकडं. म्हातारं माणूस हात टेकून, गुडघ्यावर भार देऊन उठावं, तशी. शेवटी तळहाताएवढी जागा कोरडी उरली. क्षणभर राहिली. मग तीही भिजली.

इस्तारीनं टोपी काढली. का काढली ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

बाजेवर घातल्यावर लच्छू कुजबुजला, "तो कुठी गेला?"

"कोन?"

"मले काय माहीत जी. दिसे नाई. मी चूप झालो का मले हालवे. मंग मी सांगो. लग्न सांगितलं, आई सांगितली, सारी कहानी सरली तं पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तो हूं म्हणे. दुपार झाली का घर्र घर्र करून काई तरी फिरवे." त्याचे डोळे मिटायला लागले. "नीज आली मले आता."

दसरूनं घाबरून इस्तारीकडं पाहिलं. असा चार दिवसांचा उपाशी, रक्त गेलेला माणूस वाटेत झोपला तर उठत नाही, हे रानात सगळ्यांना माहीत असतं.

इस्तारी बाजेच्या उशाशी चालत होता. गप्पा त्याला कधी जमल्या नाहीत. घरातसुद्धा लोक म्हणत, याच्याशी बोलण्यापेक्षा खांबाशी बोला. तो खाली वाकला, लच्छूच्या कानाशी.

"बालीचं सांग. मंग काय केलं भागीरथाबाईनं?"

लच्छूच्या पापण्या हलल्या. "फेकली दुसरी बी... नदीत."

"हूं," इस्तारी म्हणाला. "मंग?"

डेपोपर्यंत तो तेच म्हणत गेला. लाकूड वाहणाऱ्या मोटारीत, कोसंबीच्या नाक्यापर्यंतही तेच. तिथं भागीरथाबाई मोटारीत चढली. तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडली, "चार दिवस! निरोप नाई का काई नाई!" आणि लच्छू हसला तेव्हा कुठं इस्तारी गप्प बसला.

७

चांद्याच्या दवाखान्यात लच्छूचा पाय वाचला. दोन बोटं आखूड झाला, एवढंच.

इस्तारीनं फॉर्म स्वच्छ उतरवून काढला. गुणवंतरावांनी खोडरबर पुढं केलं. इस्तारीनं ते परत सरकवलं. चार घंट्या, पाऊस, हुंकार, सुई, कोरडी जागा, सगळं लिहिलं. फॉर्ममधली जागा पुरली नाही म्हणून मागं लिहिलं. मूल गावच्या स्टेशनातून टपाल गेलं आणि मग आठ दिवस त्याला धड अन्न गोड लागलं नाही. नोकरी जाईल असं वाटत होतं.

नवव्या दिवशी खोका आला. तीन वेटोळी, सुरक्षेच्या तारा, सगळं बरोबर. वर पत्र. सामानाची यादी टाइप केलेली होती; खाली साहेबांच्या हातचं, शाईनं लिहिलेलं:

"प्रश्न नऊचं उत्तर वाचलं. माझ्या कपाटात वीस वर्षांचे फॉर्म आहेत. ते सगळे काढून पाहिले. आणखी दोन फॉर्मांत हीच नोंद आहे, दुसऱ्या लाइनींवर. दोन्ही ठिकाणी चारचा आकडा खोडून तीन केलेला आहे. त्या लाइनींवरचे दोन कामगार अजून सापडलेले नाहीत. मी समजून घ्यायचा प्रयत्न करतो आहे. जमेलसं वाटत नाही. तोवर तिन्ही ठिकाणी लिहून लावा: चार वाजल्या तर उचलायचं, ऐकायचं, आणि माणसं घेऊन निघायचं."

इस्तारीनं ते पत्र दोनदा वाचलं. त्या दोन माणसांची नावं साहेबांनी दिली नव्हती. कुठल्या तरी रानात, कुठल्या तरी भर दुपारी, त्यांनीही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली असेल. आणि ऐकणारा चार-चार वेळा मूठ फिरवत बसला असेल, कुणी येईल म्हणून. त्याला पहिल्यांदाच त्या आवाजाची भीती वाटली नाही. वाईट वाटलं.

त्यानं तीन पाट्या लिहिल्या, ठळक अक्षरात.

कार्तिकात लाइनीची दुरुस्ती पुरी झाली. लच्छूला आता चढता येत नव्हतं, म्हणून कंपनीनं त्याला डेपोच्या यंत्रावर बसवलं. शेवटचा स्क्रू आवळून इस्तारी मुरपारला आला, तार तपासायला फोन कानाला लावला, तर तिकडं बोलणं आधीच सुरू झालं होतं. एकेरी तार, सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू येतं.

"जेवले काय?" भागीरथाबाई नाक्यावरून विचारत होती.

"जेवलो. दसरूनं आज मासोळ्या आनल्या होत्या. कशा आनल्या ते सांगू काय? पर वेळ लागंल."

"लागू दे," ती म्हणाली. "मी आयकून राह्यली."

इस्तारीनं फोन अलगद जागेवर ठेवला आणि बाहेर, उन्हात, पान लावायला बसला.